टेस्टरवर खापर फोडण्याआधी लाल मण्यांचा खेळ मांडणाऱ्या डेमिंगची गोष्ट वाचा

एका मोठ्या हॉटेलचा हॉल. समोर काही शे मॅनेजर लोक बसलेत. स्टेजवर ऐंशी पार केलेला एक उंचापुरा म्हातारा उभा आहे आणि त्याच्यापुढं टेबलावर मण्यांनी भरलेलं खोकं. मणी बहुतेक पांढरे, पण पाचातला एक लाल.

म्हातारा समोरच्या लोकांतून सहा जणांना वर बोलावतो. हे झाले कामगार. मग दोन इन्स्पेक्टर, त्यांच्यावर एक मुख्य इन्स्पेक्टर आणि आकडे लिहून घ्यायला एक जण. कामगारांनी एकच काम करायचं. पन्नास खळग्यांची एक फळी खोक्यात बुडवायची आणि पन्नास मणी घेऊन बाहेर काढायची. गिऱ्हाईकाला पांढरे मणी पाहिजेत. लाल मणी म्हणजे डिफेक्ट.

काम सुरू होतं. कुणाच्या फळीत सहा लाल येतात, कुणाच्या चौदा. इन्स्पेक्टर मोजतात, आकडा पुकारला जातो. म्हातारा आता कडक साहेब झालेला असतो. सहावाल्याची पाठ थोपटतो, त्याला पगारवाढ देतो. चौदावाल्याला सगळ्यांसमोर झापतो. पुढच्या फेरीत पाठ थोपटलेल्याचेच बारा लाल निघतात. मग पगारवाढ त्याच्या डोक्यात गेली असं ठरतं. क्वालिटीच्या घोषणा दिल्या जातात. शेवटी खराब आकड्यांच्या तिघांना घरी पाठवतात आणि उरलेल्या तिघांना डबल शिफ्ट लावतात. लाल मणी काही कमी होत नाहीत. कंपनी बंद पडते.

हॉलमध्ये आधी हशा असतो. मग लोक हळूहळू गप्प व्हायला लागतात, कारण आपल्या ऑफिसात आपणही हेच करतो हे त्यांच्या लक्षात येतं. कामगारांच्या हातात काहीच नव्हतं. लाल मणी खोक्यातच होते आणि खोकं भरलं होतं साहेबानं.

या म्हाताऱ्याचं नाव विल्यम एडवर्ड्स डेमिंग.

आता त्या दोन इन्स्पेक्टरांकडं बघा. समजा त्यांनी एकही मणी चुकवला नाही. तरी त्यांच्या मोजण्यानं खोक्यातला एक तरी लाल मणी कमी झाला का? नाही.

आयटीतल्या सॉफ्टवेअर टेस्टरची जागा अनेक वर्षं हीच होती. सगळं बनवून झालं की शेवटी बसून लाल मणी मोजायचे, आणि एखादा मणी नजरेतून सुटून गिऱ्हाईकापर्यंत पोचला की पहिला फोन त्यालाच. आज ज्याला अजाईल म्हणतात त्या पद्धतीनं टेस्टरला त्या शेवटच्या खुर्चीवरून उठवलं आणि टीमच्या मधोमध आणून बसवलं. हे का झालं, ते समजायला डेमिंगचं आयुष्य उपयोगी पडतं. गंमत म्हणजे हा गडी सॉफ्टवेअरवाला नव्हताच.

खोपटात वाढलेलं पोरगं

डेमिंगचा जन्म १४ ऑक्टोबर १९०० चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या सू सिटीमधला. तो सातेक वर्षांचा असताना घरच्यांनी बिऱ्हाड वायोमिंगला हलवलं. पुढं पॉवेल नावाच्या नव्यानं वसणाऱ्या गावात वडिलांना ४० एकर जमीन मिळाली. जमीन मिळाली खरी, पण तिच्यातून संसार चालावा एवढं पिकत नव्हतं. घर म्हणजे डांबरी कागद ठोकलेलं खोपटं. आई पियानोच्या शिकवण्या घ्यायची. पोरगं शाळा सांभाळून एका हॉटेलात कोळसा आणि लाकडं वाहायचं, गावातल्या रस्त्यावरचे दिवे लावायचं.

अशा घरात काही वाया घालवणं परवडत नाही. ही सवय डेमिंगला पुढं आयुष्यभर पुरली.

१९१७ साली तो लॅरमीच्या वायोमिंग विद्यापीठात गेला, १९२१ ला इलेक्ट्रिकल इंजिनियर झाला, कोलोरॅडोतून मास्टर्स केलं आणि १९२८ ला येल विद्यापीठातून गणिती भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

बनवायचं एकानं, तपासायचं दुसऱ्यानं

येलला शिकत असताना १९२५ आणि १९२६ च्या उन्हाळी सुट्टीत डेमिंगनं शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात काम केलं. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा कारखाना टेलिफोनचं सामान बनवायचा. चाळीस हजारांहून जास्त माणसं तिथं राबत होती.

त्या काळातल्या मोठ्या कारखान्यांची रीत ठरलेली होती. कामगारानं भराभर नग बनवायचे, कारण पैसे नगावर मिळायचे. माल तपासायला वेगळं खातं. खराब नग एक तर दुरुस्तीला जायचा नाहीतर भंगारात. म्हणजे कंपनी चुकीचे पैसे तीनदा मोजायची. चूक बनवायला, ती शोधायला आणि ती निस्तरायला.

याच कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाचा एक शास्त्रज्ञ होता. मे १९२४ मध्ये त्यानं आपल्या साहेबाला एका पानाची टिपणी पाठवली, सोबत एक आलेख. जगातला पहिला कंट्रोल चार्ट तो हाच. पुढं शूहार्ट बेल लॅब्जमध्ये गेला. डेमिंगची आणि त्याची गाठ पडली १९२७ साली, जेव्हा डेमिंग अमेरिकेच्या कृषी खात्यात नोकरीला लागला होता. हा माणूस डेमिंगचा गुरू झाला.

शूहार्टचं म्हणणं काय होतं, ते मुंबईच्या लोकलवरून समजून घेऊ. तुमची नेहमीची गाडी कधी दोन मिनिटं आधी येते, कधी पाच मिनिटं उशिरा. हे रोजचंच. पण एखाद्या दिवशी रुळांवर पाणी साचतं आणि गाडी दोन तास येत नाही. हा उशीर वेगळा, त्याला एक ठळक कारण आहे, ते शोधायचं आणि दूर करायचं. रोजच्या पाच मिनिटांसाठी मात्र मोटरमनला झापून काही होणार नाही. तो उशीर वेळापत्रक, सिग्नल आणि गर्दी या सगळ्या व्यवस्थेतूनच येतो. कमी करायचा तर व्यवस्था बदलावी लागेल.

डेमिंगनं हा विचार पुढं नेला. कामातल्या बहुतेक चुका माणसाच्या नसतात, व्यवस्थेच्या असतात असं तो सांगायचा. म्हातारपणी लिहिलेल्या पुस्तकात त्यानं आपल्या अनुभवावरून व्यवस्थेचा वाटा ९४ टक्के धरला होता. आणि व्यवस्था बदलायचा अधिकार कामगाराकडं नसतो, तो वरच्या साहेबाकडं असतो.

सरळ रेषेचं वर्तुळ झालं

१९३८ साली डेमिंगनं शूहार्टला वॉशिंग्टनला बोलावून त्याची व्याख्यानं ठेवली. शूहार्ट हुशार, पण त्याचं लिखाण अवघड. डेमिंगनं बसून त्या व्याख्यानांचं संपादन केलं आणि १९३९ ला पुस्तक काढलं.

त्या पुस्तकात एक साधी गोष्ट आहे. काय बनवायचं ते ठरवणं, ते बनवणं आणि ते तपासणं या तीन पायऱ्या लोक एका सरळ रेषेत मांडतात. शूहार्टनं ती रेष वाकवून वर्तुळ केलं. तपासणीतून जे कळलं ते घेऊन परत पहिल्या पायरीवर जायचं आणि काय बनवायचं ते नव्यानं ठरवायचं. याचंच पुढं योजना करा, करून बघा, त्यातून शिका, सुधारा असं चार टप्प्यांचं चक्र झालं. डेमिंग मात्र शेवटपर्यंत त्याला शूहार्टचंच चक्र म्हणत राहिला. लोक डेमिंगचं चक्र म्हणाले तरी.

आयटीतल्या वाचकाच्या लक्षात आलं असेल. सरळ रेष म्हणजे वॉटरफॉल. वर्तुळ म्हणजे अजाईल. आणि वर्तुळात तपासणी शेवट राहत नाही, ती पुढच्या फेरीची सुरुवात होते.

या काळात घरी डेमिंगनं बरंच सोसलं होतं. पहिली बायको अॅग्नेस १९३० साली गेली, मागं दत्तक घेतलेली छोटी मुलगी होती. १९३२ ला त्यानं लोलाशी लग्न केलं. ती गणितातली होती, त्याच्यासोबत तिनं शोधनिबंधही लिहिले. त्यांना दोन मुली झाल्या.

कार्डं तपासणाऱ्या लोकांचं काय करायचं?

१९३९ ला डेमिंग अमेरिकेच्या जनगणना खात्यात आला. १९४० ची जनगणना तोंडावर होती. त्या काळी प्रत्येक माणसाची माहिती कार्डावर भोकं पाडून भरायची. भोकं पाडणारा एक, आणि त्यानं बरोबर पाडलीत का हे परत तपासणारा दुसरा. करोडो कार्डं, म्हणजे तेवढंच काम पुन्हा एकदा.

डेमिंगनं इथं आकडेशास्त्र लावलं. नव्या माणसाचं सगळं काम तपासायचं. त्याचा हात बसला, चुका कमी आणि स्थिर झाल्या की मग त्याच्या कामातला फक्त नमुना काढून तपासायचा. नमुन्यात गडबड दिसली की परत सगळं तपासायचं.

यातली खरी गोष्ट लक्षात घ्या. डेमिंगनं तपासणी बंद केली नाही. जिथं काही नवीन कळत नव्हतं तिथून ती उचलली आणि जिथं गरज होती तिथं लावली.

अजाईल टीममध्ये आज हेच होतं. लॉगिन चालतंय का, बिलाची बेरीज बरोबर येते का, असल्या त्याच त्या गोष्टी तपासायला ऑटोमेशनच्या स्क्रिप्ट असतात. कोड बदलला की त्या आपोआप पळतात. मोकळा झालेला टेस्टर मग जिथं माणसाचं डोकं लागतं तिथं जातो. नवीन फीचर उलटसुलट वापरून बघतो, कुणाच्या लक्षात न आलेल्या वाटा शोधतो.

अमेरिका विसरली, जपाननं उचललं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शस्त्रं आणि सामान भरभर पाहिजे होतं आणि ते बिनचूकही पाहिजे होतं. १९४२ पासून डेमिंग आणि इतरांनी हजारो इंजिनियर आणि तंत्रज्ञांना आकडेशास्त्रावर आधारलेली गुणवत्तेची तंत्रं शिकवली. गुण आला.

पण युद्ध संपलं आणि सगळं विसरलं गेलं. जगातले बाकीचे कारखाने बेचिराख झालेले, अमेरिकेचा जो माल येईल तो खपत होता. मग क्वालिटीची काळजी कोण करणार? डेमिंगला आपली चूक तेव्हा कळली. शिकवलं होतं इंजिनियरांना. निर्णय घेणारे मालक-मॅनेजर वर्गात कधी आलेच नव्हते.

१९४७ ला डेमिंग जपानमध्ये गेला तो जनगणनेच्या कामासाठी. हरलेला, उपाशी देश त्यानं डोळ्यांनी बघितला. तिथल्या आकडेशास्त्रज्ञांशी त्याची ओळख झाली. पुढं जपानच्या शास्त्रज्ञ आणि इंजिनियरांच्या संघटनेनं त्याला शिकवायला बोलावलं आणि १९५० च्या उन्हाळ्यात तो तिथं पोचला.

यावेळी डेमिंगनं आधीची चूक केली नाही. इंजिनियरांना आठ दिवसांचा वर्ग घेतलाच, पण कंपन्यांचे सर्वोच्च प्रमुख समोर पाहिजेत असा त्याचा आग्रह होता. उद्योजकांचे पुढारी इचिरो इशिकावा यांनी शब्द टाकला आणि जुलै १९५० मध्ये टोकियोत देशातल्या बड्या कंपन्यांचे प्रमुख जेवणाच्या निमित्तानं एकत्र आले. स्वस्त आणि टाकाऊ माल ही तेव्हा जपानची ओळख होती. पाच वर्षांत जगाची गिऱ्हाइकं तुमच्या मालाच्या मागं लागतील असं डेमिंगनं त्यांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटणं अवघडच होतं.

त्यानं फळ्यावर एक चित्र काढलं. कच्चा माल देणारे, कारखाना, गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाकडून परत फिरून डिझाइनकडं येणारी एक रेष. उत्पादन हे एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपत नाही, गिऱ्हाईक हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे, हा त्या चित्राचा अर्थ. आज दर दोन आठवड्यांनी टीम गिऱ्हाइकाला चालतं सॉफ्टवेअर दाखवते आणि त्याचं ऐकून पुढचं काम ठरवते, ती हीच परत फिरणारी रेष.

जपानचं सगळं श्रेय एकट्या डेमिंगला देणं बरोबर होणार नाही. जोसेफ जुरान १९५४ ला तिथं गेला. काओरू इशिकावा, टोयोटाचा ताईची ओनो यांच्यासारख्या जपानी माणसांनी आपल्या डोक्यानं बरंच काही उभं केलं. टोयोटात कामगाराला काही गडबड दिसली की तो दोरी ओढून मदत बोलावू शकायचा आणि वेळ पडली तर अख्खी लाइन थांबायची. खराब गाडी पुढं ढकलून शेवटी दुरुस्त करण्यापेक्षा तिथंच थांबलेलं बरं.

पण जपान डेमिंगला विसरला नाही. त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक निघालं, तेव्हा मानधन घ्यायला त्यानं नकार दिला. त्या पैशातून १९५१ साली डेमिंग पुरस्कार सुरू झाला. १९६० ला जपानच्या सम्राटाच्या वतीनं त्याचा सन्मान झाला. टोयोटानं हा पुरस्कार १९६५ ला मिळवला.

आपल्याकडंही ही साखळी पोचली आहे. शूहार्ट १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून भारतात येऊन गेला होता. आणि २००३ साली महिंद्रा अँड महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानं डेमिंग पुरस्कार मिळवला. हा पुरस्कार मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी ठरली. शेतातला लाल ट्रॅक्टर आणि लाल मणी, दोन्हीचं नातं असं लागतं.

घरच्यांनी ओळखलं तेव्हा वय होतं ७९

तिकडं अमेरिकेत डेमिंग न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवत होता, कंपन्यांना सल्ला देत होता, पण सामान्य माणसाला त्याचं नावही माहिती नव्हतं. वॉशिंग्टनमधल्या घराच्या तळघरात त्याचं ऑफिस. चर्चसाठी संगीत रचणं हा छंद.

२४ जून १९८० ला एनबीसी वाहिनीवर एक माहितीपट लागला. जपानला जमतं ते आपल्याला का जमत नाही, असा त्याचा विषय. जपानी गाड्या आणि टीव्हींनी तोवर अमेरिकी कंपन्यांना घाम फोडला होता. माहितीपटाच्या शेवटच्या भागात हा म्हातारा दिसला आणि दुसऱ्या दिवसापासून तळघरातला फोन वाजायचा थांबेना.

तोट्यात बुडालेल्या फोर्ड कंपनीनं त्याला बोलावलं. त्यांना वाटलं होतं हा गाड्यांबद्दल बोलेल. हा बोलला साहेब लोकांबद्दल, ते माणसांना कसं वागवतात त्याबद्दल. १९८६ साली फोर्डचा नफा जनरल मोटर्सपेक्षा जास्त भरला, कित्येक दशकांत पहिल्यांदाच.

याच काळात तो देशभर चार-चार दिवसांची शिबिरं घेत फिरला. लाल मण्यांचा खेळ तिथलाच. १९८६ च्या पुस्तकात त्यानं मॅनेजरांसाठी १४ मुद्दे मांडले. कामाच्या जागेवरून भीती घालवा. खात्याखात्यांमधल्या भिंती पाडा. माणसांना आकड्यांची टार्गेट देणं बंद करा. आणि तिसरा मुद्दा असा, की गुणवत्तेसाठी तपासणीवर विसंबून राहू नका, ती बनवतानाच आत घाला.

हा तिसरा मुद्दा वाचून टेस्टरच्या पोटात गोळा येईल. म्हणजे आमची गरजच नाही?

थांबा, असं तो म्हणत नव्हता. काही कामं अशी असतात की चूक टाळता येत नाही आणि चालवूनही घेता येत नाही. अशा ठिकाणी तपासणी पाहिजेच, हे त्यानं स्पष्ट सांगितलंय. गुंतागुंतीच्या इलेक्ट्रॉनिक चिप्स आणि बँकेतले हिशोब ही त्याचीच उदाहरणं. आता सांगा, सॉफ्टवेअर कशात बसतं?

आणखी एक फरक आहे. मणी काय किंवा टेलिफोन काय, तीच वस्तू पुन्हा पुन्हा बनते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फीचर नवं असतं, त्यामुळं लाल मणी दिसतो कसा हेच आधी माहिती नसतं. ते शोधणं ही टेस्टरची खरी कला.

मग हे सॉफ्टवेअरमध्ये आलं कसं?

जानेवारी १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांचा एक लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्या नवीन वस्तू कशी बनवतात, ते त्यांनी बघितलं होतं. एका खात्यानं काम संपवून दुसऱ्याकडं फेकायचं, असं तिथं नव्हतं. वेगवेगळ्या खात्यांतली माणसं एकाच टीममध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत. रग्बीच्या खेळातल्या घोळक्यावरून त्यांनी स्क्रम हा शब्द वापरला. जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी तो शब्द उचलून १९९५ ला सॉफ्टवेअरची स्क्रम पद्धत मांडली. सदरलँडनं आपल्या पद्धतीच्या मुळाशी डेमिंगचं चक्र असल्याचं पुढं मान्य केलं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाच्या डोंगरात १७ जण जमले आणि अजाईलचा जाहीरनामा तयार झाला.

डेमिंगला यातलं काही बघायला मिळालं नाही. आजारी अवस्थेतही शिबिरं घेत राहिलेला हा माणूस २० डिसेंबर १९९३ ला, वयाच्या ९३ व्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये गेला.

टीमच्या मधोमध बसून टेस्टर करतो काय?

समजा बसच्या तिकिटाचं अॅप बनतंय. या स्प्रिंटमध्ये एकच काम आहे, प्रवाशाला तिकीट रद्द करता आलं पाहिजे. जुन्या पद्धतीत हे आधी कागदावर लिहिलं जायचं, मग डेव्हलपर बनवायचा, आणि काही महिन्यांनी टेस्टरच्या हातात पडायचं.

आता टेस्टर पहिल्याच मीटिंगला बसलेला असतो आणि तिथंच विचारतो. बस सुटून गेली असेल तर? चार तिकिटांतलं एकच रद्द करायचं असेल तर? अर्ध्या तिकिटाच्या सवलतीवर काढलेल्या तिकिटाचे पैसे किती परत द्यायचे? बटण दाबलं आणि तेवढ्यात नेट गेलं तर? लोकांनी दोनदा दाबलं तर पैसे दोनदा परत जातील का?

अजून कोडची एक ओळ लिहिलेली नाही आणि चार-पाच लाल मणी खोक्यात पडण्याआधीच बाजूला झाले. इथं तो सवाल विचारायला पाच मिनिटं लागली. हाच सवाल दिवाळीच्या गर्दीत हजारो प्रवाशांनी विचारला असता, तर काय झालं असतं याचा विचार करा.

मग या उत्तरांवरून काम पूर्ण झालं कधी म्हणायचं ते टीम मिळून ठरवते. डेव्हलपर आपल्या कोडच्या छोट्या टेस्ट स्वतः लिहितो. टेस्टर त्याला कुठं धोका आहे ते सांगतो, ऑटोमेशन उभं करतो, स्वतः अॅप उलटं-पालटं करून बघतो. टेस्ट झाल्याशिवाय काम पूर्ण धरत नाहीत. आणि स्प्रिंट संपली की सगळे बसून काय शिकलो ते बोलतात, म्हणजे शूहार्टच्या वर्तुळातली ती वळायची जागा.

अजूनही होणाऱ्या दोन चुका

नाव अजाईल ठेवलं म्हणून खोकं बदलत नाही. बऱ्याच ठिकाणी दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये डेव्हलपर नऊ दिवस घेतो आणि दहाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, टेस्टरला काम मिळतं. हा छोट्या तुकड्यांतला वॉटरफॉल झाला. रात्री जागून टेस्टरनं केलेली घाई सोमवारी महागात पडते आणि मग विचारतात, तुला हा बग दिसला कसा नाही?

वर त्याचं काम मोजतात ते किती बग काढले यावरून. डेमिंग आकड्यांच्या टार्गेटला विरोध का करायचा, ते इथं दिसतं. बगच्या संख्येवर अप्रेझल ठरलं, तर टेस्टर स्पेलिंगच्या चुकाही वेगवेगळ्या नोंदवणार. डेव्हलपरचं अप्रेझल बग कमी असण्यावर ठरलं, तर तो हा बगच नाही म्हणून भांडणार. दोघंही हुशार, दोघंही कष्टाळू, आणि खोक्यात लाल मणी तेवढेच.

दुसरी चूक याच्या उलटी. क्वालिटी सगळ्यांची जबाबदारी आहे ना, मग वेगळा टेस्टर कशाला, असं म्हणून त्याला काढूनच टाकायचं. डेमिंगनं याबद्दलही सावध केलं होतं. एकाच मालावर दोन तपासणारे नेमले की पहिला दुसऱ्याच्या भरवशावर राहतो आणि दुसरा पहिल्याच्या, म्हणून दोघांनी तपासूनही एकापेक्षा वाईट निकाल येऊ शकतो. वाटून घेतलेली जबाबदारी कुणाचीच राहत नाही. सगळ्यांनी क्वालिटी सांभाळायची तर टीममध्ये असा एक माणूस लागतोच, ज्याचं डोकं पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाभोवती फिरतं, हे कुठं मोडेल?

डेमिंगच्या खेळातले इन्स्पेक्टर निमूटपणे मोजत राहिले. खोकं कुणी भरलं, हे विचारायची त्यांना मुभाच नव्हती. अजाईल टीममधल्या टेस्टरला ती मुभा आहे, निदान असायला पाहिजे. तिथं लाल मणी मोजणारा माणूस खोकं भरताना हजर असतो आणि हात धरू शकतो.

त्यामुळं पुढच्या वेळी तुमच्या टीममधून एखादा बग गिऱ्हाइकापर्यंत गेला, तर टेस्टरच्या डेस्ककडं जाण्याआधी एक करा. तो मणी खोक्यात कधी पडला आणि तेव्हा टेस्टरला खोलीत बोलावलं होतं का, एवढं आधी बघा.